नियमात कुठे लिहिलंय?

सरकारी कचेरीच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकावे लागते : ‘हे नियमात बसत नाही.’ वाक्य ऐकून बहुतेक जण कागद घडी घालून परत फिरतात. ‘नियमात बसत नाही म्हणजे काय? नियमात तसे कुठे लिहिले आहे, दाखवा’ असे विचारणारा हजारात एखादा. पण आपल्या देशात नागरी हक्कांची जी काही राखण झाली, त्यातली बरीचशी या एका प्रश्नाने झाली आहे. आणीबाणीचा इतिहास आपण तुरुंगवास, भूमिगत पत्रके आणि सत्याग्रह यांच्या अंगाने पुष्कळ वाचला. काळ्या डगल्यातल्या मूठभर माणसांनी नियमांची पुस्तके समोर ठेवून जी लढाई दिली, तिच्याबद्दल मराठीत त्या मानाने कमी लिहिले गेले. वास्तविक तिच्यातला एक प्रमुख माणूस सासवडचा होता.

त्याच्याकडे वळण्यापूर्वी दहा वर्षे मागची एक गोष्ट सांगायला हवी.

1964 साली भारत संरक्षण नियमांखाली मुंबई जिल्हा कारागृहात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी कोठडीत बसून मराठीत एक पुस्तक लिहिले. नाव ‘अणूच्या अंतरंगात’. विषय पदार्थविज्ञान. राजकारणाचा त्यात लवलेश नव्हता. हस्तलिखित प्रकाशनासाठी पत्नीकडे पाठवू द्यावे, असा अर्ज त्यांनी केला. सरकारने नकार दिला. कारण विचारले तेव्हा युक्तिवाद आला तो असा : स्थानबद्धांना कोणकोणत्या सवलती आहेत, याची यादी 1951 च्या आदेशात दिली आहे; पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याची सवलत त्या यादीत नाही; सबब ती नाही. खिडकीवरच्या कारकुनाचेच हे उत्तर. फक्त या वेळी ते राज्य सरकारच्या वकिलाच्या तोंडून आले होते.

मुंबई उच्च न्यायालयाने ते मानले नाही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 7 सप्टेंबर 1965 रोजी तिथेही हरले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांच्या निकालाचे सार असे की, तो आदेश सवलतींचे दानपत्र नव्हे. माणूस स्थानबद्ध झाला तरी त्याचे जे स्वातंत्र्य कायद्याने काढून घेतलेले नाही, ते त्याच्याकडेच राहते. अडवायचे असेल तर अडवणारा नियम सरकारने दाखवावा. अणूवरच्या मराठी पुस्तकाने देशाच्या संरक्षणाला धोका पोचतो, असा नियम कुणाला दाखवता आला नाही.

दहा वर्षांनी हेच सूत्र फार मोठ्या प्रमाणावर वापरावे लागणार होते.

विठ्ठल महादेव तारकुंडे यांचा जन्म 1909 चा, सासवडचा. वडील वकील आणि सुधारक. 1925 साली मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिले, मग फर्ग्युसन, मग लंडनहून बॅरिस्टर. परत आल्यावर काँग्रेस समाजवादी वर्तुळ आणि तिथून मानवेंद्रनाथ रॉय यांच्या गटात. तो गट नेहमी अल्पमतातच असायचा, आणि अल्पमतात राहायची सवय तारकुंड्यांना पुढे कामी आली असावी असे मला वाटते. 1957 ते 1969 ते मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. मुदत शिल्लक असताना पद सोडून ते सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. एप्रिल 1974 मध्ये जयप्रकाश नारायण यांनी ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’ ही संस्था काढली, तिच्या उभारणीत तारकुंडे होते. पक्षाचे राजकारण न करता लोकशाहीची पहारेदारी करायची, एवढाच उद्देश. चौदा महिन्यांत पहारेदारीची वेळ आली.

25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. 26 तारखेला सेन्सॉरशिपचा आदेश निघाला. 27 ला राष्ट्रपतींच्या आदेशाने घटनेच्या 14, 21 आणि 22 या कलमांसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे 19 वे कलम आधीच निपचित पडले होते. 1971 च्या युद्धातली आणीबाणी उठवलीच नव्हती! (हे अनेकांच्या लक्षात नसते. तांत्रिकदृष्ट्या 1975 साली देशात एकावर एक अशा दोन आणीबाण्या होत्या.) आता वकिलाने उभे राहायचे कशावर? मूलभूत हक्क म्हणायची सोय नव्हती. उरली होती ती फक्त सरकारचीच कागदपत्रे : खटल्याविना स्थानबद्ध करणारा मिसाचा कायदा, अंतर्गत सुरक्षा नियम, सेन्सॉरचा आदेश. तुम्ही घटना बाजूला ठेवलीत, ठीक. पण तुमचा स्वतःचा नियम तरी पाळलात का? हा प्रश्न विचारण्याची वाट मात्र उघडी राहिली होती.

पहिली मोठी चाचणी दिल्लीत झाली. जुलैमध्ये पत्रकार कुलदीप नय्यर यांना मिसाखाली पकडले. त्यांच्या पत्नीच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयात तारकुंडे उभे राहिले. निकाल विरोधात जाणार याचा वास लागताच सरकारने नय्यरांना सोडून दिले आणि आता प्रकरणच उरले नाही, असा पवित्रा घेतला. न्यायमूर्ती रंगराजन आणि न्यायमूर्ती अगरवाल यांनी तरीही सप्टेंबरमध्ये निकाल वाचला : स्थानबद्धता बेकायदा होती. पुढे रंगराजन यांची बदली गुवाहाटीला झाली आणि अगरवाल यांना पुन्हा सत्र न्यायाधीश करून खाली पाठवण्यात आले. सरकार एवढ्यावर थांबले नाही. 17 ऑक्टोबरला वटहुकूम काढून मिसामध्ये दुरुस्ती केली : स्थानबद्धतेची कारणे गोपनीय मानली जातील, ती न्यायालयालाही सांगायची नाहीत. वकिलांनी नियमात फट शोधावी आणि सरकारने दुसऱ्या दिवशी गवंडी पाठवावा, असा हा खेळ वर्षभर चालला.

त्याच ऑक्टोबरात तीन घटना घडल्या. गुजरातेत त्या वेळी बाबूभाई पटेलांचे जनता मोर्चाचे सरकार होते, म्हणून 12 तारखेला अहमदाबादेत नागरी स्वातंत्र्य परिषद भरू शकली. मुंबईचे माजी मुख्य न्यायमूर्ती छागला, माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा आणि तारकुंडे तिथे बोलले. मुंबईत तसाच प्रयत्न झाला तो जिना हॉलमध्ये. माजी न्यायमूर्ती नरेंद्र नाथवानी यांनी ‘राज्यघटनेतील नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य’ या विषयावर फक्त वकिलांची खासगी बैठक बोलावली होती. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. निवृत्त न्यायमूर्तींनी वकिलांना कायदा समजावून सांगितला तर सार्वजनिक शांतता कशी बिघडते, हे मुंबई उच्च न्यायालयालाही कळेना. त्याने बंदी रद्द केली.

तिसरी घटना ‘भूमिपुत्र’ची. सर्वोदय विचाराच्या या गुजराती नियतकालिकाने अहमदाबादची भाषणे छापली आणि त्याच्यावर कारवाई झाली. संपादक चुनीभाई वैद्य न्यायालयात गेले. गुजरात उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेहता आणि न्यायमूर्ती शेठ यांनी सेन्सॉरच्या मार्गदर्शक सूचनांची बारकाईने छाननी केली. मूळ नियमाने दिला त्याहून जास्त अधिकार सेन्सॉरने या सूचनांतून स्वतःकडे घेतला होता. त्या सूचना टिकल्या नाहीत. मे 1976 मध्ये न्यायमूर्ती शेठ यांची आंध्र प्रदेशात बदली झाली. त्या बदलीलाच त्यांनी आव्हान दिले आणि तो खटला न्यायाधीशांच्या बदल्यांच्या कायद्यात आजही वाचला जातो.

पण या वर्षातले माझ्या मते सर्वांत सुरेख काम मुंबईत, एका लहानशा इंग्रजी मासिकासाठी झाले.

मिनू मसानी ‘फ्रीडम फर्स्ट’ 1952 पासून चालवत होते. खप बेताचा, वाचक ठरावीक. ऑगस्ट 1975 च्या अंकासाठी त्यांनी अकरा मजकूर मुंबईतले विशेष वृत्तपत्र सल्लागार बिनोद राव यांच्याकडे तपासणीला पाठवले. प्रकाशनाला मनाई झाली. दुसरा कुणी संपादक कोरी जागा सोडून मोकळा झाला असता. मसानी उच्च न्यायालयात गेले आणि त्यांच्यासाठी सोली सोराबजी उभे राहिले.

युक्तिवादाची जात बघण्यासारखी आहे. सेन्सॉरशिप वाईट, असे म्हणून काही उपयोग नव्हता. ती कायद्याने आली होती. म्हणून चर्चा सेन्सॉरच्या आदेशातच राहिली. अंतर्गत सुरक्षा नियमांतल्या 48 व्या नियमाने सेन्सॉरला अधिकार दिले ते ठरावीक हेतूंसाठी : देशाचे संरक्षण, सार्वजनिक सुरक्षितता, सुव्यवस्था आणि असे आणखी काही. मग प्रत्येक मजकूर घ्या आणि सांगा, यातला कोणता हेतू या परिच्छेदाने धोक्यात येतो? टीका आहे, मान्य. बोचरी आहे, तीही मान्य. पण ‘सरकारला बोचते’ हा हेतू 48 व्या नियमात कुठे लिहिलाय?

26 नोव्हेंबरला न्यायमूर्ती भट यांनी मसानींच्या बाजूने निकाल दिला. राव अपिलात गेले. 10 फेब्रुवारी 1976 रोजी न्यायमूर्ती मदन आणि न्यायमूर्ती कनिया यांच्या खंडपीठाने विस्तृत निकालपत्र दिले. काळ लक्षात घ्या. नय्यर निकालानंतर सरकारने कायदाच बदलला, हे न्यायालयीन वर्तुळात सगळ्यांना ठाऊक होते. अशा वेळी मदन यांनी लिहिले की, सगळ्या वृत्तपत्रांची शिडे एकाच वाऱ्याला लावणे किंवा त्यांच्याकडून एकसुरात गाऊन घेणे हे सेन्सॉरचे काम नव्हे. तो लोकशाहीची दाई म्हणून नेमला गेला आहे, तिची कबर खोदणारा म्हणून नव्हे. शब्द कडक वापरले एवढ्याने टीका बेकायदा होत नाही. मजकुराचा अर्थ लावताना निकालपत्र सतत 48 व्या नियमाकडे परत येते. वक्तृत्व आहे, पण त्याच्याखाली नियमाचा पाया आहे, म्हणूनच ते आजही उद्धृत होते.

मराठी वाचकाला या साऱ्याच्या मधोमध डिसेंबर 1975 चे कऱ्हाड आठवेल. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीला जो उघड विरोध केला त्याला धैर्य लागते, आणि तेच आपल्या स्मरणात आहे. मसानी-सोराबजींचे धैर्य कागदी, संथ, तारीख-पे-तारीख होते. त्यावर नाटक लिहिता येत नाही.

ही वाट कुठे संपते तेही सांगितले पाहिजे. छापील शब्दासाठी जे जमले, ते कोठडीतल्या माणसासाठी जमले नाही. नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते की, स्थानबद्धता मिसाच्या चौकटीत आहे का, एवढे तरी आम्ही तपासू. आपले नागपूर खंडपीठ त्यात होते. जबलपूर प्रकरणात सरकारने या सगळ्यांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. स्थानबद्धांच्या बाजूने शांतिभूषण, तारकुंडे, सोराबजी उभे होते. न्यायमूर्ती खन्नांनी अॅटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारले, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून माणसाचा जीव घेतला तर? आणीबाणी असेतोवर इलाज नाही, असे उत्तर आले. 28 एप्रिल 1976 रोजी चार विरुद्ध एक मतांनी ते उत्तर कायदा झाले. एकटे खन्ना विरोधात राहिले आणि सरन्यायाधीशपदाला मुकले. बहुमतातल्या चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल 2017 मध्ये उलटवणाऱ्या खंडपीठात त्यांचे चिरंजीव होते. राम जेठमलानी यांच्या अटकेला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली तेव्हा पालखीवालांसह तीनशेहून अधिक वकील त्यांच्यासाठी उभे राहिले होते. जबलपूर निकालानंतर ती स्थगितीही गेली आणि जेठमलानी परदेशी निघून गेले. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने पुढे मोजले : मिसाखाली 34,988 माणसे स्थानबद्ध होती. त्यांच्या दृष्टीने ‘नियमात कुठे लिहिलंय?’ हा प्रश्न विचारायची खिडकीच बंद झाली होती.

गंमत अशी की, संस्था उभी राहिली ती या पराभवानंतर. ऑक्टोबर 1976 मध्ये, आणीबाणी चालू असताना, दिल्लीत आचार्य कृपलानींच्या उद्घाटनाने नागरी स्वातंत्र्य आणि लोकशाही हक्क संघटना स्थापन झाली. तारकुंडे अध्यक्ष, कृष्णकांत सरचिटणीस. चाळीस वर्षांपूर्वी, 1936 साली, जवाहरलाल नेहरूंनी अशीच एक संघटना काढली होती. रवींद्रनाथ तिचे मानद अध्यक्ष होते. नेहरूंच्या कन्येच्या राजवटीत ती नव्याने काढावी लागली. 1980 मध्ये तिचेच रूपांतर ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ अर्थात पीयूसीएलमध्ये झाले. देशी वा परदेशी देणगीदार संस्थेचा पैसा घ्यायचा नाही, सदस्यांच्या खिशावर चालायचे, हा तिचा शिरस्ता. फोन चोरून ऐकण्यावर 1996 साली निर्बंध आले, मतदानयंत्रावर 2013 साली ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आले. दोन्ही निकाल तिच्याच याचिकांवर लागले.

आणि एक पालघरचा. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर एकीने लिहिल्याने आणि दुसरीने ते ‘लाइक’ केल्याने दोन तरुणींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66अ होते. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचा’ अशा शब्दांत गुन्हा सांगणारे हे कलम श्रेया सिंघल आणि इतरांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले. याचिकाकर्त्यांत पीयूसीएल होती. प्रश्न जुनाच : ‘त्रासदायक’ हा शब्द घटनेच्या 19(2) मध्ये कुठे लिहिलाय?

एवढे झाल्यावर संस्था दुसऱ्या कामाला लागली असती तरी कुणी नाव ठेवले नसते. पण पोलीस ठाण्यांत त्या कलमाखाली गुन्हे नोंदवणे चालूच राहिले. पीयूसीएल पुन्हा न्यायालयात गेली. मार्च 2021 पर्यंत अकरा राज्यांतल्या जिल्हा न्यायालयांत 745 प्रकरणे जिवंत होती, असा तक्ता तिने सादर केला. महाराष्ट्र त्या यादीत तळाला नव्हता, हे खेदाने नोंदवतो. 12 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये आणि चालू खटल्यांतून त्याचा संदर्भ काढून टाकावा.

म्हणून वाचकांना एक व्यावहारिक विनंती. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या हाती 66अ लिहिलेली नोटीस आजही पडली, तर घाबरून मजकूर पुसण्याआधी वकील गाठा आणि 2022 च्या त्या आदेशाची प्रत ठाण्यात दाखवा. ते कलम 24 मार्च 2015 पासून अस्तित्वात नाही.