वॉर्सामध्ये सिनेमातले कलाकार दफनभूमीत डबा घेऊन का उभे राहतात?

१ नोव्हेंबरला पोलंडमध्ये सुट्टी असते. सर्व संतांचा हा दिवस. लोक घरच्यांच्या कबरींवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात, दिवे लावतात. राजधानी वॉर्सातल्या पोवोंस्की दफनभूमीत मात्र त्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसते. सिनेमा-नाटकातले ओळखीचे चेहरे डबा घेऊन थंडीत उभे असतात आणि येणारे-जाणारे त्यात पैसे टाकतात.

हे पैसे जातात जुन्या कबरींच्या दुरुस्तीला.

सेंट चार्ल्स बोरोमियो चर्चला लागून असलेली ही दफनभूमी १७९० सालची. ४३ हेक्टर जागा आणि अंदाजे दहा लाख मृत. (जवळच्या लष्करी पोवोंस्कीशी गल्लत करू नका, ती वेगळी.) संगीतकार शोपाँचे आई-वडील इथे आहेत. खुद्द शोपाँ पॅरिसमध्ये, तर त्याचं हृदय वॉर्सातल्याच होली क्रॉस चर्चच्या खांबात! १९२४ चे नोबेलविजेते लेखक रेमाँट इथेच आहेत. दिग्दर्शक किश्लोव्स्कींच्या कबरीवर फक्त दोन हात आहेत, बोटांनी कॅमेऱ्याची चौकट धरलेले.

अशा कबरींवर फुलं येतातच. प्रश्न बाकीच्यांचा आहे. पोलंडच्या कायद्यानुसार साध्या कबरीची जागा २० वर्षांनी पुन्हा वापरता येते. ती राखायची तर कुणीतरी पुढच्या २० वर्षांचे पैसे भरावे लागतात. पण दुसऱ्या महायुद्धात वॉर्सातली कुटुंबंच्या कुटुंबं संपली, कित्येक जण देश सोडून गेले. मग भरणार कोण? ऐतिहासिक म्हणून एखादी कबर टिकली, तरी दगड झिजतो, कठडे गंजतात, झाडांची मुळं चौथरे उचकटतात. वारसा म्हणून नोंद झाल्याने डागडुजीचा खर्च आपोआप सुटत नाही.

हे येझी वाल्डोर्फ या संगीत समीक्षकाला खटकलं. १९७४ मध्ये त्यांनी पोवोंस्कीसाठी समिती उभी केली आणि पुढच्या वर्षीपासून डबे फिरू लागले. पोलंडमध्ये तेव्हा कम्युनिस्ट राजवट होती, हे लक्षात घेतलं की चर्चच्या दफनभूमीसाठी लोकांकडून पैसे गोळा करणं किती वेगळं होतं ते कळतं. कलाकारांना पुढे करण्याची युक्ती तर साधी आणि हुशार. आवडता नट समोर डबा हलवत असेल, तर खिशात हात जातोच.

या पैशांतून आजवर हजाराहून जास्त स्मारकं दुरुस्त झाली आहेत. वाल्डोर्फ १९९९ मध्ये गेले, त्यांची कबरही पोवोंस्कीतच आहे. डबे अजून दर नोव्हेंबरला निघतात. इतर शहरांतल्या जुन्या दफनभूमींतही आता असेच डबे दिसतात.