वाटीचा हिशेब ग्रॅममध्ये

दिवाळीच्या ऑर्डरी आता सुरू होतील. दुकानदार विचारतो, "दहा किलो बेसन लाडू किती रुपयांत द्याल?" आणि आपल्याकडे पाककृती असते वाटीत. चार वाट्या बेसन, दीड वाटी तूप, तीन वाट्या पिठीसाखर. बाजार किलोचा, स्वयंपाकघर वाटीचं. या दोहोंची सांगड कशी घालायची, ते आज बोलू.

आपल्याला माप नवं नाही. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे आजीला तोंडपाठ होतं. पण ते माप जागा मोजतं, वजन नाही. एका वाटीत पाणी जेवढी जागा व्यापतं तेवढीच धनेही व्यापतात, पण तराजूवर ठेवा म्हणजे फरक कळेल.

आधी आपली वाटी ओळखा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्य करा. मग काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम, तेवढे मिलिलिटर. आमच्या गटात सगळ्या मिळून एकच वाटी ठरवली आहे, 200 मिलिलिटरची. ती कुणी घरी नेत नाही!

आता त्याच वाटीत एकेक जिन्नस भरायचा, वरून सुरीच्या पाठीनं सपाट करायचा आणि तोलायचा. शीग ठेवायची नाही. माहेरवाशिणीला धान्य घालताना शिगोशीग भरावं, हिशेबाला नाही. तीनदा तोलून मधला आकडा वहीत लिहायचा. आमच्या वहीत साधारण असं आहे: साखर 170 ग्रॅम, पिठीसाखर 110, बेसन 90, तेल किंवा पातळ तूप 182, धने जेमतेम 70. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, ते चालतं. दुसऱ्याचे आकडे उतरवून घेऊ नका.

कणकेचं मात्र जपून. चाळलेली हलकी कणीक वाटीत शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर भरते, तीच दाबून भरली की 130 च्या वर जाते. वाटी तीच, बाई बदलली की माप बदलतं. म्हणून पीठ नेहमी तोलूनच घ्या. साखरेचंही पाहा. "एक वाटी साखर दळून" आणि "एक वाटी पिठीसाखर" यांत 60 ग्रॅमचा फरक पडतो. लाडू कधी गोडमिट्ट, कधी फिके होतात ते यामुळेच.

लोणच्यात तर यावर माल टिकणं अवलंबून आहे. खडेमिठाच्या खड्यांमध्ये पोकळी राहते, म्हणून बारीक मिठापेक्षा ते वाटीत कमी वजनाचं भरतं. बारीक मिठाची पाककृती घेऊन तेवढ्याच वाट्या खडेमीठ घातलं, तर मीठ कमी पडून बरणी नासू शकते.

आता दुकानदाराचे लाडू. बेसन चार वाट्या म्हणजे 360 ग्रॅम, तूप दीड वाटी 273, पिठीसाखर तीन वाट्या 330. एकूण 963 ग्रॅम. भाजताना वजन घटतं, थोडं कढईला लागतं, म्हणून दहा किलोसाठी साडेदहा पट धरू. बेसन 3 किलो 780 ग्रॅम, तूप सुमारे 2 किलो 870, पिठीसाखर 3 किलो 465. तूप लिटरवर आणणार असाल तर थांबा. लिटरभर तूप साधारण 910 ग्रॅमच भरतं. तीन लिटर कमी पडेल, सव्वातीन आणा. आता प्रत्येकाला बाजारभाव लावा, त्यात गॅस, वेलची, पिशव्या, गाडीभाडं आणि आपली मजुरी मिळवा. मजुरी लिहायची राहते, तीच आधी लिहा.

पाकिटावर 500 ग्रॅम छापलं, तर आतला माल 500 ग्रॅम हवा, पिशवीचं वजन त्यात धरायचं नाही. विक्रीसाठी वापरता तो काटा वैधमापन विभागाकडून दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. काटा सपाट, न हलणाऱ्या फरशीवर ठेवा, पंखा बंद करा, आणि रोज सकाळी एखादं शिक्क्याचं वजन ठेवून आकडा बरोबर येतो का ते पाहूनच तोलायला बसा.