मजूर अड्ड्यावरचा पाऊस

पुण्यातल्या मजूर अड्ड्यावर सकाळी आठला उभं राहिलं, की मराठवाड्यात पाऊस कसा झाला ते कळतं. खरीप हातचा गेला की इथली गर्दी वाढते. पिशवीत थापी, ओळंबा, भाकरीचा डबा. दहापर्यंत कुणी बोलावलं नाही, तर त्या दिवसाचा रोज बुडाला. माणसं वाढली आणि काम तेवढंच राहिलं की मजुरीही घसरते.

कोरडवाहू रानातलं सोयाबीन, कापूस निघाला की गावात कामच उरत नाही. बीडकडची कितीतरी जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात, बाकीचे बांधकामावर. फ्लॅटची विक्री मंदावली, नवे प्रकल्प लांबले, की त्याची झळ गावातल्या किराणा उधारीपर्यंत पोचते.

१९९६च्या कायद्याने सुरू झालेला, बांधकाम खर्चावरचा १ टक्का उपकर घेतला जातो, तो याच कामगारांच्या कल्याणासाठी. पण त्यासाठी बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची तर वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. अड्ड्यावरचा माणूस आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. त्याची हजेरी कुणाच्याच वहीत नसते, आणि हक्काचे पैसे नेमके तिथंच अडतात.