बागकामाच्या व्यवसायासाठी वाहनाची निवड

बडोदे शहरात बागकामाची परंपरा जुनी आहे. विश्वामित्रीच्या काठी १८७९ साली उभारलेली सयाजीबाग, म्हणजेच कमाटीबाग, तिची साक्ष देते. शहराच्या पश्चिम भागातील सुभानपुऱ्यासारख्या निवासी वस्त्यांतही बंगल्यांची अंगणे व सोसायट्यांची आवारे यांमध्ये हिरवळ लावणे, कुंड्या भरणे, छाटणी करणे अशी कामे निघतात. ही कामे घेणाऱ्या लहान व्यावसायिकाच्या भांडवलाचा मोठा वाटा वाहनात गुंततो. निवड चुकल्यास मिळकत कर्जाच्या हप्त्यांत व दुरुस्तीत खर्च होते. म्हणून खरेदीपूर्वी पुढील बाबींचा विचार करणे हितावह ठरेल.

पहिली बाब वजनाची. हौदा मोठा दिसला म्हणजे वाहन पुरेसे आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक एक घनफूट ओली माती सुमारे ४५ किलो भरते. २००५ साली बाजारात आलेल्या व ‘छोटा हत्ती’ या नावाने परिचित झालेल्या चारचाकी टेम्पोच्या मूळ नमुन्याची वहनक्षमता सुमारे ७५० किलो होती. त्याच्या हौद्यात साधारण ३० घनफूट माल मावतो. म्हणजे तो ओल्या मातीने काठोकाठ भरल्यास वजन १,३५० किलोंच्या घरात, क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट होते. अशा भाराने पाटे व टायर लवकर झिजतात आणि ब्रेक वेळेवर लागत नाहीत. पाण्याचेही तसेच आहे. ५०० लिटरची टाकी म्हणजे ५०० किलो. शिवाय अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी वळणावर एका बाजूस लोटते व वाहनाचा तोल जाण्याचा संभव असतो.

दुसरी बाब रोजच्या गरजेची. निगराणीची कामे अधिक असतील, तर अवजारे, खताची पोती व थोड्या कुंड्यांसाठी मालवाहू तीनचाकी पुरते. अरुंद गल्लीत ती सहज वळते. मात्र तीवर उंच भार रचणे धोक्याचे असते. नवीन बागा उभारण्याची कामे वरचेवर मिळत असल्यास चारचाकी टेम्पो इष्ट. एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, माती क्वचितच लागते. तिच्यासाठी डंपर भाड्याने आणणे स्वस्त पडते. वर्षातील चार फेऱ्यांसाठी मोठे वाहन बाळगणे परवडणारे नाही.

रोपांची वाहतूक करताना वाऱ्याने पाने सुकतात. याकरिता हौद्यावर सांगाडा बसवून जाळीचे आच्छादन घालावे; ओले गोणपाटही उपयोगी पडते.

वाहनाची नोंदणी मालवाहू म्हणूनच करावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार भारासह एकूण ३,००० किलोंपर्यंतच्या मालवाहू वाहनास परवाना, म्हणजे परमिट, लागत नाही; नोंदणी, विमा व चालकाचे लायसन्स मात्र आवश्यक आहे. जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. मजुरांना मालावर बसवून नेणे तर सर्वथा टाळावे. अपघात झाल्यास विम्याचे संरक्षण मिळेलच असे नाही.

खरेदीपूर्वी महिनाभर भाड्याच्या वाहनाने काम करून प्रत्येक फेरीचे वजन, अंतर व भाडे वहीत नोंदवावे. बहुतेक दिवस जेवढा भार पडतो, तेवढ्याच क्षमतेचे वाहन घ्यावे. ही वही बँकेकडे कर्ज मागतानाही उपयोगी पडेल.