नवतपानंतरचा पाऊस

नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ दिवसांच्या कडक उन्हाने सुकलेल्या शरीरावर पाऊस येतो. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील ऋतुचर्येनुसार या दिवसांत जठराग्नी मंदावतो, वात बळावतो. त्यामुळे नागपूरच्या प्रताप नगरात पहिल्या सरीला तर्री-पोह्यांची ओढ लागली, तरी रोजचं ताट हलकंच हवं: जुन्या तांदळाचा भात, मुगाचं वरण, आलं-सैंधव, उकळून निववलेलं पाणी. तरोट्याची कोवळी भाजी जरूर खा, पण निवडून, धुवून, नीट शिजवून. दुपारच्या झोपेला ग्रंथाची सर्वसाधारण मुभा फक्त ग्रीष्मात आहे; पावसाळ्यात ती वर्ज्य. नागपूरकरांनी उन्हाळ्यात जडलेली ही सवय आधी मोडावी, असं मला मनापासून वाटतं. ओल धरलेल्या खोलीत निजू नका. ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर काढ्यावर न थांबता डॉक्टरांकडे जाऊन डेंग्यूची तपासणी करा.