बिडाच्या चुलीतली धुराची वाट

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या टॉन्टन गावात 1879 साली वेअर स्टोव्ह कंपनी निघाली आणि ‘ग्लेनवूड’ नावाच्या तिच्या बिडाच्या चुली न्यू इंग्लंडच्या स्वयंपाकघरांत मुक्कामाला आल्या. जुन्या शेतघरांच्या तळघरांत त्या अजून सापडतात. अंगभर गंज, एखादं झाकण गायब, आणि जागच्या हलवायला चार दणकट माणसं हवीत.

ब्रँडचं नाव ओव्हनच्या दारावर ठसठशीत असतं. बाकीची कुंडली मात्र आतल्या बाजूला. झाकणं उलटी करावीत, राखेचा कप्पा बाहेर ओढावा, पातळ कागद ठेवून त्यावरून पेन्सिल आडवी फिरवावी. गंजात बुजलेली अक्षरं आणि सुट्या भागांचे क्रमांक कागदावर उमटतात. पेटंटची तारीख हाती लागली की तीच चुलीची जन्मतारीख धरली जाते. तसं नसतं. एकदा नोंदवलेली युक्ती पुढे वर्षानुवर्षं वापरात राहायची. तो भाग त्या तारखेच्या आधीचा नाही, एवढंच त्यातून ठरतं. शिवाय एका चुलीचं दार दुसरीला बसवण्याचे प्रकार सर्रास झालेले असतात, म्हणून क्रमांक एकमेकांशी ताडून पाहावेत.

दारावरची वेलबुट्टी बघत राहावी अशी असते. अशा चुली ओतण्याचा धंदा आधी बहरला तो न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी आणि ट्रॉय या शहरांत. तिथली साच्याची वाळू इतकी बारीक, की लाकडी नमुन्यावर कोरलेल्या पानाची शीरसुद्धा ओतकामात उतरे.

पण माझ्या मते या चुलीची खरी कारागिरी दिसत नाही तिथे आहे. जाळ पेटवताना डँपर, म्हणजे धुराच्या वाटेतली झडप, उघडा असतो आणि धूर सरळ धुराड्यात जातो. जाळाने जोर धरला की डँपर बंद करायचा. मग तोच गरम धूर ओव्हनच्या माथ्यावरून पलीकडच्या बाजूने खाली उतरतो, तळाखालून फिरतो आणि मागून वर चढतो. आपल्याकडे वैलावर जशी मुख्य चुलीची धग कामी येते, तशी इथे ती ओव्हनला चहूबाजूंनी वेढा घालते. बाहेरचे निकेलचा मुलामा दिलेले पट्टे चमकवून ही वाट तुंबलेलीच ठेवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

म्हणून चूल पूर्ण खोलावी लागते. पत्रे बोल्टांनी आणि लांब सळ्यांनी आवळलेले असतात, सांधे भट्टीच्या सिमेंटने भरलेले. प्रत्येक सांध्याचा फोटो घ्यावा. बिडात कार्बन साधारण 2 ते 4 टक्के असतो, त्यामुळे ते वाकत नाही, तडकतं. गंजलेल्या बोल्टाला तेल पाजून थांबावं, हातोडा घालू नये. आत पांढरं, तंतुमय अस्तर दिसलं तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याला हात न लावता जाणकारांना बोलवावं.

गंजासाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेचा उपाय उत्तम चालतो. बॅटरी चार्जरची ऋण तार बिडाच्या तुकड्याला, धन तार साध्या भंगार पोलादाला. स्टेनलेस स्टील तिथे वापरू नये, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून हे काम उघड्यावरच. तुकडा बाहेर काढला की लगेच कोरडा करून ग्रॅफाइटचं काळं पॉलिश चढवावं. साधा रंग पहिल्याच जाळात करपतो.

फुटका भाग नमुना म्हणून देऊन नवा ओतून घेता येतो, पण बीड निवताना सुमारे 1 टक्का आकसतं. फूटभर पट्टी इंचाच्या आठव्या हिश्शाने तोकडी येते आणि बसत नाही. कसबी कारागीर मापात तेवढी वाढ आधीच धरतो.

जोडणी झाल्यावर दारात कागदाची पट्टी अडकवून ओढावी. सहज निसटली तर तिथून हवा आत शिरणार. पहिले काही जाळ अगदी लहान ठेवावेत, म्हणजे सिमेंट सावकाश सुकतं. त्यानंतर साधा पाव भाजून पाहावा. तो वरून करपला आणि तळाशी कच्चा राहिला, तर ओव्हनखाली काजळी अजून साचलेली आहे. साफसफाईचं छोटं दार उघडून खरवडणी पुन्हा आत घालावी.