टेपची रिळं आणि एक कडीचा डबा

तुमच्या घरात आत्ता चिकटपट्टीची किती रिळं आहेत? अंदाजाने सांगू नका, उठून मोजून या. टीव्हीखालच्या खणात एक, मुलांच्या दप्तराशेजारी एक, मीटरच्या पेटीवर काळं इलेक्ट्रिकचं, सिंकखाली पांढरं टेफ्लॉनचं, औषधांत कागदी टेप, आणि माळ्यावर मागच्या शिफ्टिंगमधून उरलेली खाकी रिळं. बेंगळुरूत भाड्याच्या घरात राहत असाल, तर ही खाकी रिळं दर दोन-तीन वर्षांनी वाढतच जातात. तरीही ऐन वेळी नेमकं हवं ते सापडत नाही.

आणि सापडत नाही म्हणून हाताला लागेल तेच लावलं जातं. खरी गडबड इथे होते. मिक्सरची वायर एका जागी सोलली गेली, काळा टेप मिळेना, तर मुलांचा सेलोटेप दोन वेढे गुंडाळून मिक्सर पुन्हा सुरू. तो पारदर्शक टेप कागदासाठी बनवलेला असतो. वायर तापली, वाकली की तो सैल पडतो आणि आतली तार पुन्हा उघडी पडते. वरून मात्र जागा दुरुस्त केल्यासारखी दिसते, हे जास्त वाईट. काळा पीव्हीसी टेप ताणला की वायरच्या अंगाला घट्ट बसतो आणि वीज अडवतो. तो लावताना प्लग काढायचा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवायचा आणि शेवटचा वेढा न ताणता दाबून बसवायचा. हीसुद्धा तात्पुरतीच सोय समजा. गीझर किंवा इस्त्रीची वायर सोलली असेल, तर ती बदलूनच घ्या.

गॅसच्या नळीला तर कोणताही टेप नाही. वास आला की रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, विजेच्या बटणांना हात लावायचा नाही आणि १९०६ या नंबरवर फोन करायचा.

दुसरा फटका खिशाला. बेंगळुरूत दहा महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट घ्यायची जुनी रीत आहे. ते आता कमी होत असलं, तरी घर सोडताना रंगाचे म्हणून महिन्याचं भाडं कापून घेणारे मालक पुष्कळ आहेत. वाढदिवसाचे फुगे आणि पताका फोमच्या दुहेरी टेपने भिंतीवर लावल्या, तर काढताना रंगाचे पापुद्रे निघतात, कधी पुट्टीही. त्यासाठी कागदी मास्किंग टेप वापरा आणि कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी काढून टाका. आठवडाभर राहिला तर तोही डाग ठेवतो. फोमचा टेप लावूनच झाला असेल, तर हेअर ड्रायरने थोडा गरम करून हळूहळू सोलायचा.

हा मास्किंग टेप म्हणजे चिकटपट्टीच्या घराण्यातला थोरला भाऊ. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीत रिचर्ड ड्रू नावाचा तरुण होता. तेव्हा मोटारी दोन रंगांत रंगवायची फॅशन होती आणि एक रंग झाकायला लावलेला कागद काढताना रंगही उखडून यायचा. ती अडचण पाहून ड्रूने १९२५ साली मास्किंग टेप तयार केला आणि १९३० साली सेलोफेनवरचा पारदर्शक टेप. पण त्याचं टोक शोधायचं, नखाने उचकटायचं आणि कात्रीने कापायचं हा व्याप होताच. मग त्याच कंपनीच्या जॉन बोर्डनने १९३२ साली कापायचं पातं असलेलं स्टँड बनवलं. म्हणजे टेपला ठेवायला नीट जागा हवी, हे टेप आल्यावर दोनच वर्षांत कळलं होतं. याच कंपनीच्या भारतीय शाखेचं मुख्यालय आपल्या बेंगळुरूत आहे.

आता डब्याकडे वळू. ऑनलाइन महागडे ऑर्गनायझर मिळतात, पण माझं मत स्टीलच्या कडीच्या डब्याला. मिसळणाच्या डब्यात जिरं-मोहरी-हळद एका नजरेत दिसते, तीच सोय इथे हवी, फक्त डबा उभा असावा. खाकी टेपचं ६५ मीटरचं रीळ साधारण १० सेंटीमीटर रुंद असतं, त्यामुळे आतून १२ सेंटीमीटर रुंद आणि १८ सेंटीमीटर उंच डबा पुरतो. चिकपेटच्या भांड्यांच्या दुकानांत नुसतं ‘डब्बी’ म्हटलं तरी काम भागतं, कन्नडमध्येही शब्द जवळजवळ तोच. वर धरायला कडी हवीच, कारण हा डबा घरभर फिरणार आहे.

रचताना एक युक्ती. रिळांची भोकं साधारण दोन मापांची असतात: मोठ्याचं ७६ मिलिमीटर, लहानाचं २५. खाकी रिळाच्या पोटात काळ्या टेपचं छोटं रीळ आरामात मावतं, दुसऱ्याच्या पोटात टेफ्लॉन. एकावर एक तीन मोठी रिळं आडवी ठेवली, की पाच-सहा टेप एका डब्यात बसतात. रिळं आडवीच ठेवा. कडेवर उभी ठेवली तर दबून चपटी होतात आणि मग टेप झटके देत सुटतो.

झाकण कशाला, असं वाटेल. रिळाच्या दोन्ही बाजूंना गोंद किंचित बाहेर आलेला असतो आणि शेजारी बांधकाम चालू असेल (बेंगळुरूत कुठे नसतं?) तर सगळी धूळ तिथेच बसते. ऊनही टेपचं वैरी, म्हणून डबा बाल्कनीत ठेवू नका. अनेक कंपन्या साधा टेप वर्षभरात वापरायला सांगतात. भोकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने खरेदीचा महिना लिहून ठेवा. टोक हरवू नये म्हणून त्याच्याखाली काडेपेटीतली एक काडी अडकवा, हे काम मुलांना आवडतं.

टेफ्लॉनचा टेप मुळात चिकटतच नाही, त्याला गोंद नसतो. तो नळाच्या आट्यांत भरून पाणी अडवतो. आटे आपल्याकडे करून धरायचे आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचा. उलटा गुंडाळला तर नळ बसवताना सुटून येतो.

औषधांतला कागदी टेप मात्र या डब्यात नको. तो जखमेवर लागतो, त्याने बँडेजच्या शेजारी स्वच्छच राहावं.

डब्यात एक छोटी कात्री आणि एक पेन टाका. आणि पुढच्या वेळी घर बदलाल, तेव्हा पॅकर्सच्या माणसांना बजावून ठेवा, की हा डबा ट्रकमध्ये चढणार नाही. शेवटचा खोका बांधायला आणि नव्या घरात गळका नळ पहिल्यांदा उघडाल तेव्हा तोच लागणार आहे. तो तुमच्या हातातल्या पिशवीतच असू द्या.